व्हर्च्युअल सर्व्हर सारखा बंद पडतोय? चालू करायच्या आधी हे बघा

सकाळी साडेनऊला फोन यायचा. "अहो, सर्व्हर परत बंद आहे. चालू करू का?" ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये एक छोटा कारखाना आहे, तिथं हिशेब बघणाऱ्या काकूंचा हा फोन मला तीन आठवड्यांत पाच वेळा आला. चार वेळा मी "हो, करा" म्हणालो. काकू पॅनल उघडून हिरवं बटण दाबायच्या, दोन मिनिटांत हिशेबाचं सॉफ्टवेअर सुरू व्हायचं आणि सगळे कामाला लागायचे. पाचव्या वेळी मी म्हणालो, "काकू, थांबा. अर्धा तास द्या मला." त्या अर्ध्या तासात कारण सापडलं. ते पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्याकडे एखाद्या ऑफिसच्या किंवा दवाखान्याच्या सर्व्हरची जबाबदारी नुकतीच आली आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.

आधी एक चित्र डोक्यात ठेवा

घरात रात्री दिवे गेले की आपण काय करतो? खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघतो. तिथं उजेड असेल, तर जिन्यात येऊन शेजारच्यांकडे दिवे आहेत का ते बघतो. शेजारी उजेड असेल तर बिघाड आपल्या खोलीत. पूर्ण बिल्डिंग अंधारात असेल तर मेन स्विचपाशी. आणि बिल थकल्यामुळे जोडणीच कापली असेल, तर खोलीतली वायर तपासून काही मिळणार नाही.

व्हर्च्युअल सर्व्हरचंही असंच आहे. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक, ही खोली. ते ज्या खऱ्या यंत्रावर चालतं तो होस्ट म्हणजे बिल्डिंग. आणि क्लाउडवर असाल तर तुमचं खातं, त्याचे नियम आणि त्याचं बिल ही तिसरी पातळी. नवशिक्यांचे दिवसच्या दिवस वाया जातात ते खोलीत बसून बिल्डिंगचा बिघाड शोधण्यात. त्यामुळे आपला पहिला प्रश्न "का बंद पडलं" हा नाही. "कोणी बंद केलं" हा आहे.

पायरी १: खरंच बंद आहे का?

"सर्व्हर बंद आहे" असं लोक तीन वेगवेगळ्या वेळी म्हणतात: मशीन चालू आहे पण नेटवर्क नाही, मशीन थांबलेलं किंवा झोपलेलं आहे, आणि मशीन खरोखर बंद आहे. पॅनल उघडून अवस्था बघा आणि स्क्रीनशॉट घ्या. होस्टवर केव्हीएम आणि लिबव्हर्ट (लिनक्सवर व्हर्च्युअल मशीनं चालवायची आणि सांभाळायची सॉफ्टवेअर) असेल तर "व्हर्श लिस्ट डॅश-डॅश-ऑल" ही कमांड सगळी मशीनं दाखवते आणि "व्हर्श डोमस्टेट", मशीनचं नाव, "डॅश-डॅश-रीझन" ही कमांड अवस्थेशेजारी कंसात कारणही सांगते. "शटडाउन" म्हणजे मशीन रीतसर बंद झालं. "क्रॅश्ड" म्हणजे कोसळलं. "डिस्ट्रॉइड" वाचून घाबरू नका. त्याचा अर्थ होस्टकडून जबरदस्तीने बंद केलं एवढाच आहे, डिस्कवरचा डेटा जागेवर असतो.

मशीन "पॉज्ड" दिसलं तर आधी होस्टच्या डिस्कवर किती जागा उरली ते बघा. मशीनला ५०० जीबीची डिस्क दाखवलेली असते, पण थिन पद्धतीने (सगळी जागा आधी राखून न ठेवता, लागेल तशी) दिलेली असेल तर होस्टवर ती हळूहळू भरत जाते. होस्टची जागा संपली की लिहायला जागा नाही म्हणून मशीन थांबवून ठेवलं जातं. हायपर-व्हीमध्ये (मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर) हीच अवस्था "पॉज्ड-क्रिटिकल" म्हणून दिसते. आतून बघणाऱ्याला डिस्क अर्धी रिकामी दिसते, म्हणून हे कारण पटकन सुचत नाही.

झोपलेल्या मशीनची गंमत नाही, फार डोकेदुखी होते. लिनक्सची डेस्कटॉप आवृत्ती सर्व्हर म्हणून बसवली, त्यात नोम डेस्कटॉप असला, की कोणी माउस हलवत नाही म्हणून ते मशीन ठरावीक मिनिटांनी स्वतःला झोपवतं. लॅपटॉपसाठी हे योग्य, सर्व्हरसाठी घातक. चालू केल्यावर दर वेळी साधारण तेवढ्याच मिनिटांनी गायब होणारं मशीन दिसलं, की मी सगळ्यात आधी हे तपासतो. लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतः लिहून ठेवतं त्या नोंदींमध्ये, "सस्पेंड" हा शब्द शोधा. उपाय सोपा: "सिस्टमसीटीएल मास्क" लिहून पुढे "स्लीप डॉट टार्गेट" आणि "सस्पेंड डॉट टार्गेट".

पायरी २: वेळ लिहून काढा, आणि साडेपाच तास विसरू नका

एक साधी वही करा. तारीख, वार, बंद पडल्याची वेळ, कोणी चालू केलं. काकूंच्या सर्व्हरच्या वेळी माझ्याकडे अशी वही नव्हती, पण फोनमधली कॉलची यादी होती. ती बघितली आणि लक्षात आलं, की पाचही फोन बुधवारी किंवा शनिवारी सकाळी आलेले आहेत. म्हणजे जे काही घडतंय ते मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री घडतंय. एवढ्यावरून निम्मं काम झालं, कारण हार्डवेअरचा बिघाड वार बघून येत नाही. ठरलेल्या वारी किंवा ठरलेल्या वेळी बंद पडणाऱ्या मशीनमागे बहुतेक वेळा कुठंतरी लावलेलं वेळापत्रक असतं.

वेळ वाचताना मात्र जपा. बहुतेक क्लाउड सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. रोज पहाटे साडेपाचला सर्व्हर जातोय म्हणून पहाटे ऑफिसात कोण येतं याचा शोध घ्यायची गरज नाही; यूटीसीत ती मध्यरात्र आहे, आणि मध्यरात्री चालणारी क्रॉनची (लिनक्समधलं वेळापत्रक) कामं त्याच वेळी सुटतात. उलट बाजूनेही फसायला होतं. कोणी संध्याकाळी ७ ला आपोआप बंद व्हायचं वेळापत्रक लावलं आणि टाइम झोन यूटीसीच ठेवला, तर आपल्याकडे ते रात्री साडेबाराला लागू होतं. वहीत दोन्ही वेळा लिहा.

पायरी ३: शेवटची ओळ वाचा

माझ्या मते पूर्ण तपासातला सगळ्यात मोलाचा भाग हा आहे. मशीन रीतसर बंद झालं, की मधेच तुटलं? माणूस "येतो" म्हणून निघाला की बोलता बोलता फोन कट झाला, यात जो फरक आहे तोच.

लिनक्सवर "लास्ट डॅश एक्स" चालवा. ओळी खालून वर वाचा. दोन "रीबूट" ओळींच्या मध्ये "शटडाउन"ची ओळ असेल तर मशीन रीतसर बंद झालं. नसेल तर तुटलं. मग "जर्नलसीटीएल डॅश-डॅश-लिस्ट-बूट्स" ने आधीच्या फेऱ्यांची (सुरू होण्यापासून बंद होण्यापर्यंत एक फेरी) यादी बघा आणि "जर्नलसीटीएल डॅश बी", जागा सोडून "डॅश १", पुन्हा जागा सोडून "डॅश ई" असं देऊन मागच्या फेरीचा शेवट उघडा. यादीत एकच फेरी दिसली तर लॉग फक्त मेमरीत राहतोय आणि मशीन बंद होताच पुसला जातोय. "स्लॅश व्हार स्लॅश लॉग स्लॅश जर्नल" हे फोल्डर तयार करून जर्नलडी (लॉग लिहिणारी सेवा) रीस्टार्ट करा, म्हणजे पुढच्या वेळेपासून नोंद टिकेल. नवीन सर्व्हर हाती घेतला की मी हे पहिल्याच दिवशी करतो.

शेवटच्या ओळींत "पॉवर की प्रेस्ड" दिसलं तर ती ओळ नीट समजून घ्या. व्हर्च्युअल मशीनला खरं बटण कुठून असणार? होस्टने किंवा पॅनलवरून कोणीतरी बंद करायचा इशारा पाठवला, तो आतल्या मशीनला पॉवर बटण दाबल्यासारखा वाटला. म्हणजे मशीन रीतसर बंद झालं, पण हुकूम बाहेरून आला. आता आत शोधणं थांबवा आणि होस्टकडे जा. सुडोच्या (प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवायची सोय) नोंदीत किंवा क्रॉनच्या नोंदीत "शटडाउन" किंवा "पॉवरऑफ" दिसलं, तर हुकूम आतून आला आणि देणाऱ्याचं नावही तिथंच आहे.

आणि शेवटची ओळ अगदी रोजचीच असेल, एखादं मेल गेल्याची किंवा क्रॉन चालल्याची, आणि त्यानंतर काहीच नसेल, तर मशीनला निरोप घ्यायलाही वेळ मिळालेला नाही. कारण बहुतेक बाहेर आहे, क्वचित कर्नल पॅनिक, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभाच कोसळणं.

विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडून चार क्रमांक गाळा. १०७४ म्हणजे कुठल्या प्रोग्रामने, कुठल्या युजरच्या नावाने बंद केलं त्याची नोंद. ६००६ म्हणजे इव्हेंट लॉगची सेवा व्यवस्थित थांबली. ६००८ म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं, आणि त्यात वेळही लिहिलेली असते. ४१, कर्नल-पॉवर, म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. ४१ हे कारण नव्हे, तो फक्त पंचनामा आहे; तो क्रमांक घेऊन ड्रायव्हर बदलत बसू नका.

विंडोजचं एक खास दुखणं. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते. मुदत संपली की मशीन दर तासाला बंद होतं. कोणीतरी सहा महिन्यांपूर्वी "आत्ता चाचणी टाकू, लायसन नंतर बघू" म्हणालेलं असतं आणि ते "नंतर" आज आलेलं असतं. "एसएलएमजीआर स्लॅश डीएलव्ही" चालवून लायसनची अवस्था बघा. दर तासाचा ठोका जुळला तर दुसरं काही तपासायच्या आधी हेच बघा.

पायरी ४: होस्टवर जा

काकूंचा सर्व्हर विंडोजचा होता. त्यात ६००८ आणि ४१ दोन्ही होते, १०७४ कुठंच नव्हता, आणि ६००८ मधली वेळ रात्रीची २ वाजून ११ मिनिटं होती. म्हणजे तुटलं होतं, आणि बहुधा बाहेरून.

होस्टवर पहिली कमांड "अपटाइम". होस्टच काही तासांपूर्वी सुरू झाला असेल तर पूर्ण बिल्डिंगचे दिवे गेले होते: वीज, यूपीएस किंवा उष्णता. यूपीएसची बॅटरी जुनी झाली की पॅनलवर हिरवा दिवा दिसतो आणि वीज जाताच दोन मिनिटं पण टिकत नाही. सुट्टीच्या दिवशी मेन बंद करून एकदा खरोखर तपासा. उष्णतेचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बंद खोलीत रात्रीही गार होत नाही. शेवटचा माणूस निघताना एसीचा स्विच बंद करतो, आणि सर्व्हर त्याच खोलीत असतो. होस्टच्या लॉगमध्ये "टेंपरेचर" हा शब्द शोधा.

इथं मात्र होस्ट ४६ दिवस अखंड चालू होता आणि त्यावरची बाकीची दोन मशीनंही. एकच खोली अंधारात. मग होस्टचा कर्नल लॉग उघडला, रात्री दोनच्या आसपास गेलो, आणि २ वाजून ११ मिनिटांपाशी ती ओळ होती: "आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस", पुढे एक क्रमांक, आणि कंसात "केव्हीएम".

हे नीट समजून घ्या, कारण छोट्या ऑफिसांत मी हे पुन्हा पुन्हा बघतो. होस्टच्या दृष्टीने तुमचा अख्खा सर्व्हर म्हणजे एक प्रोसेस. होस्टची मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल एक प्रोसेस मारून जागा मोकळी करतो, आणि निवडताना बहुधा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रोसेस पकडतो. सगळ्यात मोठी प्रोसेस म्हणजे तुमचा सगळ्यात महत्त्वाचा सर्व्हर! आतल्या मशीनला याचा पत्ताही लागत नाही.

होस्टमध्ये ३२ जीबी मेमरी होती. हिशेबाच्या सर्व्हरला १२, फाइल सर्व्हरला ८, हजेरीच्या मशीनला ८. बेरीज २८, म्हणजे ४ उरले असं कागदावर दिसत होतं. पण होस्टवर प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीनं चालवायची प्रणाली) होतं आणि डिस्क झेडएफएसवर (डिस्कवर डेटा मांडायची एक पद्धत) होती. झेडएफएस वाचलेला डेटा मेमरीत साठवून ठेवतं, आणि जुन्या मांडणीत या साठ्याची मर्यादा एकूण मेमरीच्या निम्मी, म्हणजे इथं १६ जीबी. (प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्याने बसवताना ती १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी ठेवली जाते. आमचं त्याआधीचं होतं.) दिवसा भागायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दोनला बॅकअप सुरू झाला की सगळ्या डिस्क वाचल्या जायच्या, साठा फुगायचा, मशीनं आपापली मेमरी मागायची, आणि साठा तितक्या झपाट्याने आकसत नसे. ३२ च्या घरात ४४ ची सोय करायला निघालो होतो. वाटणी मीच केली होती, त्यामुळे दुरुस्तीही मीच केली.

उलगडा सोपा होता. टास्क मॅनेजर बघितला तर हिशेबाच्या सर्व्हरला ५ जीबीवर कधी लागतच नव्हतं. त्याला ८ दिले, फाइल सर्व्हरला ६, हजेरीच्या मशीनला ४, आणि झेडएफएसच्या साठ्याला ४ जीबीची मर्यादा घातली. माझा नियम आता असा आहे: मशीनांना दिलेली मेमरी आणि साठ्याची मर्यादा मिळून होस्टच्या तीन चतुर्थांशाच्या आत ठेवायची.

बॅकअपवरून आणखी एक. प्रॉक्समॉक्समध्ये बॅकअपची पद्धत "स्टॉप" निवडली असेल तर बॅकअपसाठी मशीन रीतसर बंद केलं जातं आणि मग पुन्हा सुरू होतं. ती चूक नाही, डेटा सुसंगत राहावा म्हणून दिलेली सोय आहे. पण ज्याने ती निवडली तो नोकरी सोडून गेला असेल तर पुढच्याला ते भूत वाटतं. टास्कची यादी बघा, तिथं नोंद असते.

पायरी ५: क्लाउडवर असाल तर

ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत, पण तुमचा सर्व्हर तिथं असला तरी तुम्हाला होस्टवर जाता येणार नाही. तिथं खात्याची नोंदवही वाचायची. एडब्ल्यूएसमध्ये (अ‍ॅमेझॉनचा क्लाउड) क्लाउडट्रेलच्या इव्हेंट हिस्टरीत मागच्या ९० दिवसांच्या नोंदी मिळतात. "स्टॉप इन्स्टन्सेस" शोधा, कोणाच्या नावाने हुकूम गेला ते दिसतं. अझूरमध्ये (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) यासाठी अ‍ॅक्टिव्हिटी लॉग असतो. खर्च वाचवायला एखाद्या सहकाऱ्याने रात्री बंद करणारं वेळापत्रक लावलेलं असणं ही इथली नेहमीची गोष्ट.

मशीन घेताना फार स्वस्त मिळालं होतं का, तेही आठवा. स्पॉट प्रकारची, म्हणजे शिल्लक क्षमतेतून स्वस्तात दिलेली मशीनं, कंपनीला गरज पडली की परत घेतली जातात. एडब्ल्यूएस २ मिनिटं आधी सूचना देतं, गूगल आणि अझूर ३० सेकंद. गूगलचं जुनं प्रीएम्प्टिबल मशीन तर २४ तासांपलीकडे चालतच नाही. त्यावर हिशेबाचा किंवा रुग्णांच्या नोंदींचा सर्व्हर ठेवू नका.

बिलाचंही बघा. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरून आपोआप पैसे वळते करण्याचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. ५,००० रुपयांची मर्यादा जून २०२२ मध्ये १५,००० झाली. त्याहून मोठ्या रकमेला दर वेळी मंजुरी द्यावी लागते. मंजुरीचा निरोप मालकांच्या फोनवर येतो, ते तो जाहिरात समजून सोडून देतात, आणि काही दिवसांनी सर्व्हर थांबवला जातो. खात्यावर ऑफिसचा एक सामाईक ईमेलही नोंदवून ठेवा.

एडब्ल्यूएसवाल्यांनी एक गोष्ट आजच तपासावी. आतून शटडाउन दिल्यावर मशीन थांबवायचं की कायमचं काढून टाकायचं, अशी एक सेटिंग असते. ती "टर्मिनेट"वर असेल तर एक चुकीची कमांड पूर्ण मशीन घालवते.

पायरी ६: दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड थांबला तर कशाने थांबला ते कधीच कळत नाही. मशीन तुटून बंद झालं असेल तर डेटाबेसची तपासणी चालवा आणि एक बॅकअप खरोखर दुसरीकडे उतरवून उघडून बघा. काकूंच्या इथं पाच वेळा तुटूनही हिशेब शाबूत होते, पण त्याच पाच रात्रींपैकी तीन रात्रींचे बॅकअप अर्धवट होते. ते कोणालाच माहीत नव्हतं.

सेवा देणाऱ्या कंपनीला लिहायची वेळ आली तर "सर्व्हर सारखा बंद पडतो" एवढंच लिहू नका. मशीनचं नाव, बंद पडल्याच्या शेवटच्या तीन वेळा यूटीसीत, प्रत्येक वेळची लॉगमधली शेवटची ओळ, आणि आत शटडाउनची नोंद आहे की नाही, एवढं द्या. त्या वेळी होस्टवर काय झालं, हा एकच प्रश्न विचारा. उत्तर गोलमोल देणं त्यांना अवघड जातं.

होस्ट सुरू होताच मशीन आपोआप सुरू व्हावं ही सेटिंग मी सगळ्यात शेवटी लावतो. ती आधी लावली तर बिघाड झाकला जातो. सकाळी सगळं चालू दिसतं आणि रात्री काय तुटलं ते कोणी विचारत नाही. काकूंच्या होस्टवर मी महिनाभर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री अडीचला उपलब्ध मेमरीचा आकडा क्रॉनने नोंदवून ठेवला. सगळ्यात कमी आकडा ४.६ जीबी होता. मग ऑटोस्टार्टच्या चौकटीत टिक केली.